बांबूचं धनुष्य घरी बनवून बघा: संशोधनाचा प्रश्न हातातून कसा सापडतो



पेटचा निकाल लागला की पुढची काळजी ठरलेली असते: "विषय कोणता घेऊ?" चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या विद्यार्थ्यांच्या मेसेजमध्ये एक विषय वारंवार दिसतो, "आदिवासींचे पारंपरिक ज्ञान: एक अभ्यास". विषय चांगला आहे, पण त्यात अजून प्रश्न नाही. काय मोजायचं, कशाशी तुलना करायची, आपलं म्हणणं चुकीचं निघालं तर ते कळणार कसं, यातलं काहीच त्या ओळीत नाही. आरआरसीसमोर (म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीसमोर) कोणी "नेमकं काय शोधणार?" असं विचारलं की आपण गप्प होतो.

म्हणून आज एकच वस्तू घेऊ: बांबूचं धनुष्य. मराठीत त्याला कमठा असंही म्हणतात. गोंडीत 'विल'. शेजारच्या तेलुगूत 'विल्लु' आणि थेट तमिळमध्येही 'विल'. हे धनुष्य घरी कसं बनवायचं ते क्रमाने सांगतो, आणि कोणत्या पायरीवर संशोधनाचा प्रश्न उभा राहतो तेही दाखवतो. बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र आणि थोडा धीर, एवढं पुरेल.

सुरुवातीलाच एक अट

हे धनुष्य शिकारीच्या जातीचं आहे, पण आपण शिकार करायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यात 'शिकार' या शब्दात नुसतं मारणं येत नाही, मारण्याचा प्रयत्नही येतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

निशाणा म्हणून तणसाचा घट्ट बांधलेला भारा वापरा. मागे मातीचा बांध किंवा भिंत असू द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ताणलेली कामटी तुटली तर तुकडा कुठेही उडू शकतो.

पायरी 1: बांबू निवडणं

आपल्या जंगलात दोन बांबू जास्त दिसतात, मानवेल आणि कटांग. कटांग काटेरी आणि जाडजूड असतो. मानवेल त्याहून बारीक, पण त्याची भिंत जाड असते आणि बुंध्याकडे तो जवळपास भरीव असतो. आपल्याला मानवेल हवा. लाकडाचंच धनुष्य करायचं असेल तर धामणीचं लाकूड लवचिक असतं, पण पहिल्या प्रयत्नाला बांबू सोपा. त्याचे तंतू सरळ असतात आणि तो हाताने फाटतो.

बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का झालेला घ्या. पहिल्या वर्षाच्या कोंबावर आवरणं चिकटलेली दिसतात आणि रंग कोवळा हिरवा असतो. जुन्या बांबूवर पांढरट डाग असतात आणि ठोकल्यावर आवाज टणक येतो. जंगलात जाऊन तोडू नका. बुरडाकडून, बाजारातून किंवा ओळखीच्या शेतावरच्या बेटातून घ्या. शेतातला, म्हणजे वनाबाहेरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात 'झाड' धरला जात नाही. वनातल्या बांबूवर मात्र जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ग्रामसभेचा अधिकार चालतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हे हक्क 2009 मध्ये मिळाले, आणि स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना हातात यायला 2011 उजाडलं.

बांबू आणताना एक वाक्य हमखास कानावर पडेल: "अमावास्येला तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही." पुष्कळ जण हे ऐकून हसतात, काही जण लगेच मान डोलावतात. संशोधकाने दोन्ही करू नये. भुंगा बांबूतल्या पिष्टमय पदार्थासाठी येतो, आणि त्या पदार्थाचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. मग चंद्राचा परिणाम ऋतूपासून वेगळा कसा काढाल? एकाच बेटातले, एकाच वयाचे बांबू, एकाच महिन्यात, काही अमावास्येला आणि काही पौर्णिमेला तोडायचे. सारख्या लांबीचे तुकडे एकाच खोलीत ठेवायचे. काही महिन्यांनी भोकं मोजायची. आणि मोजणाऱ्याला कोणता तुकडा कधीचा हे माहीत नसावं. बघा, एका ऐकीव वाक्यातून तुलना, नियंत्रण आणि आंधळी मोजणी असं सगळं बाहेर आलं. यात निकाल 'हो' येऊ शकतो, 'नाही'ही येऊ शकतो, म्हणूनच हा प्रश्न आहे.

पायरी 2: कामटी काढणं आणि वाळवणं

साधारण 150 सेंमी लांबीचा तुकडा घ्या. मध्यबिंदू असा निवडा की पेरं दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर येतील. पेरापाशी तंतू वळलेले असतात आणि कडकपणा बदलतो, त्यामुळे एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन पेरं आली की दोन्ही भुजा सारख्या वाकत नाहीत. बुंध्याकडच्या टोकावर पेन्सिलने खूण करा. त्या बाजूची भिंत जाड असते, तिथे जास्त तासावं लागेल.

कोयत्याने बांबू उभा फाडा. सुमारे 3 सेंमी रुंदीची कामटी काढा, आतले पेरांचे पडदे छाटून टाका. मग सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर तडे जातात. वाळली हे कसं ओळखायचं? स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन दिवसांनी वजन करा आणि वहीत लिहा. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग हळू, मग थांबतं. थांबलं की कामटी तयार. कारागीर हे हाताच्या अंदाजाने आणि आवाजाने ओळखतो. तुमच्याकडे तो अंदाज नाही, म्हणून काटा.

पायरी 3: जाडीचा घन

आता मुख्य काम. पट्टीचा वाकण्याला विरोध तिच्या रुंदीच्या सम प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट, जाडी दुप्पट केली तर आठपट. समजा तुमची कामटी 12 मिमी जाड आहे आणि तुम्ही फक्त 1 मिमी काढला. 11 भागिले 12, त्याचा घन, येतो 0.77. म्हणजे एका मिलिमीटरला कडकपणा 23 टक्क्यांनी उतरला. कारागीर शेवटी सुरीऐवजी काचेच्या तुकड्याने किंवा पात्याच्या पाठीने खरवडतो, त्याचं कारण या घनात आहे. काढलेलं परत लावता येत नाही.

दुसरं सूत्र ताणाचं. पट्टी वाकली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. पृष्ठभागावरची विकृती म्हणजे जाडीचा अर्धा भाग भागिले वक्रतेची त्रिज्या. 12 मिमीची पट्टी 60 सेंमी त्रिज्येत वाकवली तर 6 भागिले 600, म्हणजे 1 टक्का. एखाद्या जागी पट्टी पातळ राहिली तर सगळा बाक तिथेच गोळा होतो, त्या जागची त्रिज्या लहान होते, विकृती वाढते आणि धनुष्य तिथेच मोडतं. म्हणून बाक सगळीकडे वाटून देणं हेच धनुष्य बनवण्यातलं खरं कौशल्य.

सूत्र कुठे कमी पडतं

वरचं 23 टक्क्यांचं गणित एका गृहीतावर उभं आहे: पदार्थ सगळीकडे सारखा आहे. बांबू तसा नसतो. त्याचे मजबूत तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात. कामटीचा आडवा छेद पाण्याने ओला करून साध्या भिंगातून बघा, काळे ठिपके सालीकडे गर्दी करून दिसतील.

मग काय होतं? आतून 1 मिमी काढला तर कमकुवत भाग गेला, कडकपणा 23 टक्क्यांपेक्षा कमी उतरतो. बाहेरून 1 मिमी काढला तर दाट तंतू गेले, तो 23 टक्क्यांपेक्षा जास्त उतरतो. वर सालीचे अखंड तंतू तुटले की तिथून चिरफळी उठण्याची भीती. म्हणून नवशिक्यासाठी नियम साधा: साल बाहेर, म्हणजे निशाण्याकडे ठेवा, आणि तासायचं ते फक्त आतून.

इथे थांबा आणि वही काढा. एकाच कांड्यातून शेजारी शेजारी दोन पट्ट्या घ्या. दोन्हींची टोकं दोन विटांवर टेकवा, मध्ये एक किलोचं वजन टांगा आणि पट्टी किती खाली वाकते ते मोजपट्टीने मोजा. मग एकीतून आतून 1 मिमी काढा, दुसरीतून बाहेरून. परत मोजा. सूत्राने सांगितलेलं उत्तर आणि मोजलेलं उत्तर यांच्यातला फरक वयानुसार बदलतो का? मानवेल आणि कटांग यांत वेगळा येतो का? पेरापाशी आणि कांड्याच्या मध्यभागी? "पारंपरिक ज्ञान: एक अभ्यास" या ओळीतून जे निघालं नव्हतं ते इथे निघालं. कारागीर सालीला पातं का लावत नाही, याचं मोजता येणारं रूप तुमच्या हातात आहे.

पायरी 4: बाक सारखा करणं

याला जगभर टिलरिंग म्हणतात. टोकांकडे रुंदी हळूहळू कमी करत 15 मिमीपर्यंत आणा, कारण वाकवणारा जोर मुठीपाशी सर्वांत जास्त आणि टोकाकडे कमी असतो. टोकांना दोरी अडकवायला खाचा करा, त्याही सालीच्या बाजूने खोल नकोत.

सुरुवातीला लांब, सैल दोरी लावा. मधली मूठ भिंतीतल्या खुंटीवर टेकवा आणि दोरी हळू खाली ओढा. समोरून मोबाईलने फोटो काढा. दोन्ही भुजांचा बाक सारखा आहे का? जिथे पट्टी ताठ राहिली तिथे पेन्सिलने खूण करा, आणि फक्त त्या खुणेवर, फक्त आतून, चार-पाच वेळा खरवडा. मग वीस-तीस वेळा थोडं थोडं ओढा, म्हणजे झालेला बदल बसतो. परत फोटो. जिथे आधीच जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही, तिच्या आजूबाजूचं काढायचं.

एक नियम कधी मोडू नका: जितकी खेच शेवटी हवी आहे, त्यापेक्षा जास्त जोराने मधल्या टप्प्यावर ओढायचं नाही. पहिल्या धनुष्याला 10 किलोची खेच भरपूर झाली. आणि बाण न लावता ताणलेली दोरी सोडू नका. बाणाकडे जायची ऊर्जा मग कामटीतच राहते आणि ती तडकते.

पायरी 5: दोरी

मध्य भारतातल्या आदिवासी धनुष्यांमध्ये दोरी बऱ्याचदा बांबूचीच असते. सालीकडची पातळ, लांब पट्टी काढून तिची टोकं तंतूंनी बांधलेली असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, दोरी मऊ हवी ना? पण दोरीचं काम न ताणता ओढ पोचवणं हे आहे, आणि सालीकडचे तंतू अगदी थोडे ताणतात. घरी तुम्ही तागाची पिळलेली दोरी किंवा पॉलिएस्टरची दोरी वापरा. गवंड्याची नायलॉन दोरी ताणते, तिच्यात ऊर्जा वाया जाते. दोरी चढवल्यावर मूठ ते दोरी अंतर साधारण 15 सेंमी असू द्या.

पायरी 6: आता मोजा

सामान तोलायचा हातकाटा दोरीत अडकवा. 5-5 सेंमी ओढत प्रत्येक ठिकाणी काटा वाचा. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर बल. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. समजा 50 सेंमी ओढल्यावर 10 किलो, म्हणजे सुमारे 100 न्यूटन आले आणि रेषा साधारण सरळ आहे. त्रिकोणाचं क्षेत्रफळ 25 जूल.

आता दोरी सोडत सोडत परत येताना वाचनं घ्या. आकडे थोडे कमी येतील. दोन रेषांमधली जागा म्हणजे कामटीच्या आत हरवलेली ऊर्जा. मग बाणाचा वेग. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला 240 चित्रं येत असतील आणि बाण 35 मीटर प्रति सेकंद जात असेल, तर दोन चित्रांमध्ये तो साडेचौदा सेंटिमीटर पुढे सरकेल. मागे मोजपट्टी रंगवलेली फळी ठेवा आणि वाचा. 25 ग्रॅमच्या बाणाची गतिज ऊर्जा काढा, आधीच्या 25 जूलशी ताडून बघा. प्रत्येक आकड्यापुढे 'अधिक-उणे किती' हे लिहा. ते नसेल तर तुमच्या आकड्याला प्रबंधात जागा नाही.

हे खेळण्यातलं काम वाटत असेल तर सांगतो: 1930 च्या दशकात अमेरिकेत हिकमन आणि क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याच्या अशाच अभ्यासातून दाखवलं की इंग्रजी लाँगबोच्या फुगीर छेदापेक्षा चपटा, आयताकृती छेद चांगला. आपली कामटी मुळातच चपटी असते.

जुनं वाचन कुठे शोधायचं

गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत 'गडचिरोली' शोधलं तर फार काही सापडणार नाही, 'चांदा' शोधा. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतांतल्या जाती-जमातींवरचे खंड 1916 चे, ग्रिगसनचं बस्तरच्या मारिया गोंडांवरचं पुस्तक 1938 चं. भामरागडची सीमा बस्तरला लागून आहे, म्हणून ते उपयोगी. मात्र वाचताना हे विसरू नका की लिहिणारे सरकारी अधिकारी होते आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचायला मिळालं नव्हतं.

गावात जाताना

आता सुरुवातीचा मुद्दा. घरी एक-दोन कमठे मोडल्यावर तुम्ही जाणत्या माणसाकडे जाल, तेव्हा तुमचे प्रश्न वेगळे असतील. "तुमच्या परंपरेबद्दल सांगा" ऐवजी तुम्ही विचाराल, "दादा, बुंध्याकडची भुजा वर धरता की खाली? का?" अशा प्रश्नाला लोक मन लावून उत्तर देतात, कारण विचारणाऱ्याने हात चालवलेत हे त्यांना कळतं.

पण उत्तर देताना तो माणूस सहज म्हणेल की अमुक साली याच कमठ्याने डुक्कर मारलं होतं. तुम्ही ते नाव, गाव आणि तारखेसह प्रबंधात लिहिलं, तर तुमच्यासाठी ती 'क्षेत्रीय नोंद' आणि त्याच्यासाठी लेखी कबुली ठरू शकते. प्रबंध ग्रंथालयात जातो, इंटरनेटवर चढतो, कोणीही वाचतो. माडिया गोंड ही केंद्र सरकारच्या यादीतली विशेष असुरक्षित जमात आहे. कोर्ट-कचेरीची एक फेरी त्या घराला किती महागात पडेल याचा हिशोब तुमच्या पद्धतीशास्त्राच्या प्रकरणात बसत नाही, म्हणून तो आधीच करा. शिकारीबद्दल विचारायचंच नसेल तर प्रश्नावलीतून ते काढा. निघालंच तर नाव, गाव, वर्ष लिहू नका, रेकॉर्डिंगमधला तेवढा भाग ठेवू नका. संमती त्यांना समजणाऱ्या भाषेत घ्या, आणि फक्त एका माणसाची नको, ग्रामसभेलाही सांगा. मेंढ्यात गावकऱ्यांचे स्वतःचे अभ्यासगट वर्षानुवर्षं चालत आले आहेत. तिथे तुम्ही शिकवायला जात नाही, एका चालू अभ्यासात सामील होता.

1911 मध्ये कॅलिफोर्नियात इशी नावाचा याही जमातीचा शेवटचा माणूस जंगलातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य बनवायला शिकून पुढे 1923 मध्ये धनुष्यांचा मोजमापांसह अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर इशीला जाऊन सात वर्षं झाली होती. तो अभ्यास बघून "इथे चुकलंय" म्हणणारं त्याच्या लोकांपैकी कोणी उरलं नव्हतं. आपल्याकडे कमठा बनवणारे हात अजून आहेत, आणि त्यांची नातवंडं तुमच्याच वर्गात बसतात. तुमचं लिखाण ती वाचतील, चूक दाखवतील. तसं लिहा.

या आठवड्याचं काम

बुरडाकडून एक मानवेल आणा. दोन पट्ट्या, दोन विटा, एक किलोचं वजन, एक मोजपट्टी. आतून-बाहेरून 1 मिमीचा प्रयोग करा आणि प्रत्येक पट्टीची निदान पाच वाचनं घ्या. मग तुमचा संशोधन-प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात काय बदलणार, काय मोजणार आणि काय स्थिर ठेवणार, या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. वाक्य जमलं नाही तर शब्द बदलत बसू नका, अजून एक पट्टी तासा.